दीड फुटाची परवानगी

गाडीचा हौदा दीड फुटानं लांब करायला किती दिवस लागतात, असं कोणी मला विचारलं तर मी त्याला आधी बसवतो, पाणी देतो आणि मग विचारतो, "कायदेशीर की बेकायदेशीर?" बेकायदेशीर असेल तर सकाळी गाडी टाकावी, दुपारी जेवून परत आणावी. कायदेशीर असेल तर माणसानं पेन्शन सुरू झाल्यावरच या भानगडीत पडावं. मी तसाच पडलो.

मूर्तिजापूरच्या शाळेत मी जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलं. हा विषय इतिहासाच्या शेपटीला बांधलेला असतो आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरं तो सोडून देतात. 'नागरिकांची कर्तव्ये सविस्तर लिहा' या प्रश्नाला 'कर भरणे व रांगेत उभे राहणे' एवढंच लिहिणारी पिढी मी घडवली. निवृत्त झाल्यावर बायकोच्या माहेरचं शेत होतं, त्या खेड्यात आम्ही राहायला आलो. लोक मला मास्तर म्हणतात, आणि माझं कोणी ऐकत नाही. शाळेतही ऐकत नव्हते, त्यामुळे फार फरक जाणवला नाही.

त्या वर्षांत आमच्या भागाचं नाव रोज पेपरात यायचं, आणि ते काही कौतुकानं नव्हे. कापसानं गावाकडे पाठ फिरवली होती. तेव्हा आमच्या वर्षालीनं, म्हणजे आमच्या मुलीनं, एक जुनी पिकअप गाडी घेतली. शेतकीची पदवी, नोकरी नाही, आणि स्वभाव आईचा. तिनं गावातल्या सात-आठ घरांना भाजी लावायला लावली आणि सगळ्यांची भाजी रोज पहाटे स्वतः गाडी चालवून अकोल्याच्या बाजारात न्यायला सुरुवात केली. पोरगी पिकअप चालवते हे बघायला आधी लोक जमायचे. पुढे बघणं थांबलं आणि तेच लोक कॅरेट घेऊन यायला लागले.

इथंच हौद्याचा प्रश्न आला. मेथी, पालक, कोथिंबीर यांना वजन नसतं, पण जागा लागते जावयासारखी. रोज दोन-चार कॅरेट उरायचे. मग वर्षालीला रोज पहाटे ठरवावं लागायचं, की आज कोणाचं ठेवायचं. ज्याचं राहील त्याची मेथी दुपारपर्यंत पिवळी. तो काही बोलायचा नाही, पण त्याची बायको विहिरीवर माणिकबाईशी, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींशी, बोलायची नाही.

एक दिवस पुंजाजीचं राहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुंजाजीचंच राहिलं. पुंजाजी भांडला नाही. आपल्या कॅरेटवर माझ्या ओट्यासमोर शांत बसून राहिला. ऊन आलं तरी उठेना. शेवटी माणिकबाईनं चहा नेऊन दिला. तो चहा पिऊन म्हणाला, "गाडी चांगली हाय मास्तर तुमची. फक्त माह्या मेथीपाशी आली का संपते."

वर्षाली आत जाऊन बसली. माणिकबाई तिच्या मागं गेली आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "पोरगी रडून राहिली. सकाळी सकाळी कोणाच्या पोटावर पाय द्याचा हे तिनं ठरवाचं काय? काहीतरी करा. तुमी घरात रिकामेच हा."

म्हणून आम्ही हौदा लांब करायचं ठरवलं.

ही बातमी आमचे शेजारी डोमाजी यांना कळायला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ मला चप्पल घालायला लागतो. डोमाजी एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे चाक असलेल्या कोणत्याही वस्तूवर त्यांचा जन्मसिद्ध अधिकार आहे.

"मास्तर, उस्मानभाई वेल्डरकडे टाका गाडी. सकाळी न्या, दुपारी आना. कोन मोजते?"

"कायदा मोजतो," मी म्हणालो.

"कायद्यापाशी टेप हाय काय?"

"गाडीत बदल करायचा तर आधी परवानगी घ्यावी लागते, डोमाजी."

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांना एस.टी.चं तिकीट काढून चढायला सांगितलं. मग समजुतीनं म्हणाले, "लयच भेव वाटत असन तं मांगं लाल फडकं बांधा. लाल फडकं बांधलं का गाडीतून काहीबी बाहेर काढता येते."

मी ते फडकं नाकारलं आणि आरटीओ ऑफिसात गेलो.

खिडकीतल्या कारकुनानं माझा अर्ज घेतला, उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"कशात पकडले?"

"कशातच नाही."

"मंग दंड कायचा भरता?"

"दंड नाही हो. हौदा लांब करायचाय. करण्यापूर्वीची परवानगी पाहिजे."

"पूर्वीची?" त्यांनी चष्मा काढला आणि शेजारच्या टेबलाला हाक मारली. "भाऊ, इकडे या बरं. हे पूर्वीची मागून राहिले."

शेजारचे आले. त्यांच्या शेजारचे आले. बाहेर लायसनसाठी आलेले दोघे-तिघेही आले. एकानं मला विचारलं, "काका, तुमी इथले नाई काय?" कारकून बिचारे सज्जन होते. त्यांनी मला समजावलं, की लोक आधी हौदा लांब करतात, मग इथले साहेब पकडतात, मग लोक तो कापतात. अशी पद्धत बसलेली आहे. तुम्ही मधूनच घुसलात तर तुम्हाला कोणत्या टेबलावर पाठवायचं?

शेवटी मला थेट इन्स्पेक्टर साहेबांकडे नेलं. ते मध्यमवयीन, थकलेले आणि फार सभ्य गृहस्थ होते. माझा अर्ज वाचून त्यांचा चेहरा खुलला. शाळेत संस्कृतच्या मास्तरांकडे एखादा मुलगा आपण होऊन आला की ते असेच दिसायचे. त्यांनी मला खुर्ची दिली आणि सगळं नीट सांगितलं. मागच्या चाकाच्या मागं हौदा किती जाऊ शकतो त्याला मर्यादा आहे. कंपनीकडून गाडीचा नकाशा आणा. चेसिसला वेल्डिंग करायचं नाही, बोल्टनं बसवायचं. मागचे दिवे, नंबर प्लेट, चमकणाऱ्या पट्ट्या, सगळं नव्या टोकाला आलं पाहिजे. आणि काम झालं की गाडी इथं तपासणीला आणायची.

"आणि एक लक्षात ठेवा सर," ते म्हणाले. "हौदा लांबला तरी वजनाची मर्यादा तीच. पोट सुटलं म्हणून माणसाची ताकद वाढत नाही."

हे त्यांनी माझ्या पोटाकडे बघत म्हणायला नको होतं. पण मी ते मनावर घेतलं नाही.

नकाशासाठी अमरावतीचं शोरूम गाठलं. तिथल्या टायवाल्या तरुणानं मला गारेगार खोलीत बसवून थंडगार सरबत मागवलं. "सर, लांब हौदा पाहिजे ना? मग लांब गाडीच घ्या ना!" मी म्हणालो, मला गाडी नको, कागद पाहिजे. सरबत आलंच नाही. कागद पुढच्या खेपेला आला तो दुसऱ्याच गाडीचा. त्याच्या पुढच्या खेपेला साहेब रजेवर. माणिकबाई रोज विचारायची, "आला का तुमचा कागद? इथं मेथी पिवळी पडून राहिली, तुमचा कागद अजून हिरवाच हाय."

पण एक दिवस सगळं जमलं. नकाशा आला, साहेबांनी आपल्या हातानं मापं तपासली, आणि मला दीड फुटाची परवानगी मिळाली. दीड फूट, लेखी, शिक्क्यासहित! मी त्या आदेशाला लगेच लॅमिनेशन केलं. घरी आल्यावर तो माणिकबाईला दाखवला. तिनं भिंतीकडे बोट दाखवलं. "आपल्या लग्नाच्या फोटोची काच फुटून इतके वर्षं झाले, ते नाई दिसलं कधी."

आता फक्त हौदा बसवायचा होता. मूर्तिजापूरच्या स्टेशनरोडवर उस्मानभाईंची शेड आहे. उस्मानभाई स्वतःला वेल्डर समजत नाहीत, कलाकार समजतात. आमच्या तालुक्यातल्या निम्म्या ट्रकांवरचे मोर त्यांचे आहेत. मी त्यांना आदेश दाखवला, तो वाचून दाखवला, दीड फूट म्हणजे किती हे हातानंही दाखवलं. "आप बेफिकर जाओ मास्टरसाब," ते म्हणाले. मी बेफिकीर गेलो. ही चूक कोणत्याही नागरिकानं करू नये.

तपासणीच्या आदल्या दिवशी मी गाडी आणायला गेलो. शेडच्या दारात उभा राहिलो आणि मला वाटलं, दुसऱ्याच्या शेडमध्ये आलो. आमच्या गाडीचं तोंड ओळखीचं होतं. मागं मात्र हौदा जो सुरू झाला तो संपेचना. वाढीव भागाच्या बाजूवर दोन मोर समोरासमोर उभे होते आणि त्यांच्या मध्ये ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'कायद्याचे पालन करा'.

"उस्मानभाई, हे किती फूट आहे?"

"तीन!" ते अभिमानानं म्हणाले. "दीड फुट तो सायकल के कॅरियरकू लगता है, मास्टरसाब. तुमची पोरगी एवढी मेहनत करून राहिली, मी काय दीड फुटात भागवू? ऊपर का मेरी तरफ से."

"अहो, पण परवानगी दीडची आहे!"

"तो आधा हौदा परवानगी का, आधा मेरी मोहब्बत का."

आतून त्यांच्या बेगम खुर्शीदबी चहा घेऊन आल्या. माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "मैं बोली थी इनकू, मास्टरसाब का कागद पढ लो. तो बोले, कागद छोटा हुआ तो क्या, दिल बडा रखो."

मी जन्मात पहिल्यांदा ओरडलो. उस्मानभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मोराला हात लावायचा म्हणजे त्यांच्या काळजाला हात लावायचा. पण खुर्शीदबींनी त्यांना आत नेऊन काय सांगितलं कोण जाणे, ते बाहेर येऊन कापायला तयार झाले. फक्त त्यांच्याकडचा कापायचा गॅस संपला होता आणि सिलिंडर परवाशिवाय येणार नव्हता.

तपासणी उद्या. ती चुकवली तर पुढची तारीख कधी, देव जाणे. मी ठरवलं, गाडी आहे तशी न्यायची, साहेबांना खरं खरं सांगायचं आणि मुदत मागायची. रिकामी गाडी, स्वच्छ मन.

मन स्वच्छ राहिलं. गाडी रिकामी राहिली नाही.

पहाटे अंगणात येऊन बघतो तो अख्खं गाव कॅरेट घेऊन उभं. एवढा मोठा हौदा पाहून लोकांना जत्रेला आल्यासारखं झालं होतं. मी सांगत होतो, "अरे बाबांनो, हे तपासणीला चाललंय, ह्यात काही टाकू नका." तोवर अर्धा हौदा भरला होता. वर्षाली म्हणाली, "बाबा, ऑफिस बाजाराच्या रस्त्यातच आहे. भाजी तोडून झाली, आता ती परत झाडाला लावायची काय?" ह्याचं उत्तर नागरिकशास्त्रात कुठंच सापडत नाही. ती कॅरेट लावायला शिकलेली पोरगी. जड ते केबिनकडे, हलकं ते मागं, असं ती ओरडून सांगत होती. पण पालेभाजी आधी आली आणि पुढं बसली. पुंजाजी नेहमीप्रमाणे शेवटी आला, आणि त्या दिवशी त्यानं मेथी नव्हे, कोहळे आणले होते. मोठेमोठे, पांढरेधोट कोहळे, दोन्ही काखेत एकेक. कधी नव्हे ती जागा दिसल्यावर त्यानं ते पार शेवटी, मागच्या फाळक्याला टेकून नीट रचले आणि हात झटकून म्हणाला, "मावले बाप्पा एकदाचे."

कोणाचंच कॅरेट खाली राहिलं नव्हतं. वर्षालीनं एकदा त्या कोहळ्यांकडे पाहिलं, एकदा पुंजाजीच्या तोंडाकडे पाहिलं. "हळू हळू नेते," ती म्हणाली. मी दार उघडून तिच्या शेजारी बसलो.

रस्त्यात ती म्हणाली, "बाबा, स्टेअरिंग लय हलकं लागून राहिलं. लोण्यासारखं."

"उस्मानभाईंनी सर्व्हिसिंगही केलेलं दिसतंय," मी म्हणालो.

ऑफिसच्या मैदानात इन्स्पेक्टर साहेब उभेच होते. सोबत दोन-तीन कर्मचारी, मागं परीक्षेला आलेले शिकाऊ चालक. कायदा पाळणारा माणूस दाखवायला साहेबांनी त्यांना मुद्दाम बोलावलं असावं, असं मला अजून वाटतं. वर्षालीनं गाडी थांबवली. मी शर्ट खाली ओढला, लॅमिनेशन केलेला आदेश छातीशी धरला, दार उघडलं आणि खाली उतरलो.

मी उतरलो आणि गाडी उठली.

मागून 'कर्रर्र' असा आवाज झाला, पुढची दोन्ही चाकं जमीन सोडून वर गेली, फाळका धाडकन जमिनीला टेकला आणि आमची पिकअप आकाशाकडे तोंड करून बसली, भाकरी मागणाऱ्या कुत्र्यासारखी. केबिनमध्ये वर्षाली पाठीवर पडल्यासारखी, स्टेअरिंग धरून. "बाबाऽऽ!"

"पोरी, ब्रेक दाब!" मी ओरडलो. वर गेलेल्या चाकांना ब्रेक कशाला पाहिजे हे मला नंतर सुचलं.

साहेबांनी डोकं शांत ठेवलं. "सर, तुम्ही आधी आत बसा," ते म्हणाले.

"मी काय केलं?"

"तुम्ही काही केलं नाही. तुमच्यामुळंच ती खाली होती. बसा लवकर."

दोघांनी मला खालून ढकलून त्या उंच केबिनमध्ये चढवलं. तेव्हा माझं धोतर नव्हतं, पँट होती, एवढंच त्या प्रसंगाचं सुख. मी सीटवर बसलो तशी गाडी सन्मानानं खाली आली. मैदानात टाळ्या पडल्या. एक शिकाऊ चालक दुसऱ्याला म्हणाला, "पाह्य, वजनदार मानूस म्हनजे असा असते." कोहळे उतरवून होईपर्यंत मला जागेवरून हलायची बंदी होती. जन्मभर माझ्या शब्दाला वजन नव्हतं. त्या दिवशी ते सगळं भरून निघालं.

कोहळे उतरल्यावर मी साहेबांना सगळं सांगितलं. उस्मानभाईंची मोहब्बत, संपलेला गॅस, पुंजाजी. ते हसले नाहीत. रागावलेही नाहीत. वर्षालीला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "बेटा, हे पुलावर, समोरून ट्रक येताना झालं असतं तर?" वर्षालीनं मान खाली घातली.

गाडी भरलेली हलवायची नाही, रिकामी करून सावकाश न्यायची, हौदा दीडवर कापून पुन्हा तपासणीला आणायची, असा हुकूम झाला. पण भाजीचं काय? ऊन चढत होतं. वर्षालीनं डोळे पुसले, फाळका पाडला आणि तराजू काढला. बघता बघता लायसनवाले, एजंट, चहावाला, खिडकीतले ते कारकून, सगळे पिशव्या घेऊन आले. मला तिनं कोथिंबिरीच्या जुड्या द्यायला उभं केलं. माझ्या बरोब्बर मागं भिंतीला पाटी होती, 'या आवारात फेरीवाल्यांना सक्त मनाई आहे.' मी ती पाटी आपल्या पाठीनं झाकायचा प्रयत्न करत होतो. पाटी लांब होती. शेवटचा कोहळा इन्स्पेक्टर साहेबांनी रीतसर पैसे देऊन घेतला आणि म्हणाले, "सर, आता पाटीसमोरून हला."

हौदा कापला गेला. एक मोर गेला, एक राहिला, आणि 'कायद्याचे पालन करा' मधलं 'पालन करा' उरलेल्या बाजूवर बसेना म्हणून नुसतं 'कायद्याचे' राहिलं. पुन्हा तपासणी झाली. दिवे, प्लेट, पट्ट्या, बोल्ट, सगळं मोजून पाहिलं गेलं, आणि गाडीच्या पुस्तकात नोंद झाली.

पहिल्या कायदेशीर पहाटे वर्षालीनं एकेकाचं कॅरेट स्वतः लावून घेतलं. जड पुढं, हलकं मागं. कुठं किती मावतं याचा तिनं रात्री विचार करून ठेवला होता. पुंजाजीचे कोहळे केबिनला टेकून बसले, त्याची मेथी पार वर. खाली काही राहिलं नाही. पुंजाजी म्हणाला, "हे आधीच केलं असतं तं?" मी उत्तर दिलं नाही. मलाही मान आहे.

मी कागद घेऊन शेजारी बसलो. अकोल्याच्या अलीकडे नाक्यावर एक हवालदार उभा होता. माझं मन भरून आलं. इतक्या खेपा, इतका अपमान, तो याच क्षणासाठी होता. हवालदारानं गाडीकडे पाहिलं आणि 'जा, जा' असा हात केला.

"थांबव," मी वर्षालीला म्हणालो.

"बाबा, तो जा म्हणून राहिला."

"थांबव म्हणतो ना!"

मी उतरलो. गाडी जागची हलली नाही. हवालदारापुढं आदेश धरला. "हौदा लांब केलाय. परवानगीनं. बघा."

"असू द्या ना काका."

"असं कसं? तुमचं कर्तव्य आहे तपासणं."

हवालदारानं खिसे चाचपले. "चष्मा घरी राह्यला. तुमीच वाचा, ऐकतो."

मग मी रस्त्याच्या कडेला उभा राहून वर्गात वाचायचो तसा, खणखणीत आवाजात, सगळा आदेश वाचायला घेतला. क्रमांक, दिनांक, संदर्भ. मागं गाड्या थांबायला लागल्या. पिकअप, टेम्पो, छोटे ट्रक, सगळे बाजाराकडे निघालेले, आणि ज्याचा त्याचा हौदा मापाबाहेर वाढलेला. पुढं खाकी वर्दी, तिच्यासमोर हातात कागद घेऊन एक पांढऱ्या केसांचा माणूस हौद्याच्या लांबीबद्दल मोठ्यानं काहीतरी बोलतोय, एवढंच त्यांना दिसत होतं. 'मागील चाकाच्या पलीकडे' या शब्दांपाशी एका टेम्पोनं गुपचूप तोंड फिरवलं. 'सदर मर्यादेचे उल्लंघन झाल्यास' म्हणेपर्यंत रस्ता रिकामा झाला.

हवालदार कितीतरी वेळ त्या मोकळ्या रस्त्याकडे बघत राहिला. मग त्यानं मला कडक सलाम ठोकला.

त्या दिवशी बाजारात आम्ही पहिले पोचलो. दुसरी गाडीच नव्हती. पुंजाजीच्या मेथीला असा भाव आला, की वर्षालीनं तो दोनदा विचारून खात्री करून घेतली. परत येताना मी चिडूनच बसलो होतो, कारण हवालदारानं शेवटचा परिच्छेद ऐकलाच नव्हता. मग वर्षाली गिअर बदलत, समोर बघतच म्हणाली,

"बाबा, उद्या पण वाचसान ना?"